फरीदबाबांचे दगड आणि माझा फोन

माझ्या फोनच्या वॉलपेपरवर बरेच दिवस पाइनचं जंगल होतं. धुकं, सरळसोट खोडं आणि मधोमध एक हरीण. हरणाच्या आड एकही फांदी नाही.

गिरडच्या आसपास पाइन नाही. वर्धा जिल्ह्यातलं हे गाव, टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा, आणि भोवती साग, पळस, बोरी. मार्चमध्ये साग उघडाबोडका असतो, पळस मात्र भगवा झालेला. त्याच्या फुलांवर मैना, कोतवाल, शिंजीर आणि खारी अशी सगळ्यांची झुंबड उडते. मी मावशीकडे गेलो होतो, तो याच दिवसांत.

मावशीच्या कुंपणातल्या बोरीवर शिंजिराचं घरटं सापडलं. कोळ्याच्या जाळ्यांनी विणलेली, लोंबती पिशवी. मादी एकटी अंड्यांवर बसते. तोंडाशी तिची चोच दिसत होती. पण समोर दोन डहाळ्या येत होत्या. मादी उडून गेल्यावर मी त्या मोडल्या. फक्त दोनच. फोटो अप्रतिम आला. रात्रीपर्यंत मी लाइक्स मोजत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरटं फाटलेलं होतं, अंडी नव्हती. कुंपणात भारद्वाज फिरताना मी सकाळीच पाहिला होता.

मावशी एवढंच म्हणाली, “पानं कायले तोडले रे बाबू? आडोसा होता तिचा तो.”

मी लगेच मनात वकिली सुरू केली. भारद्वाज अंडी खातोच. पानं असती तरी त्याने घरटं शोधलं असतं कदाचित. हे खरंही असेल, पण त्याने मी सुटत नाही. काय होईल हा प्रश्नच डहाळी मोडताना माझ्या मनात आला नव्हता. चूक तिथे झाली, अंडी जाण्याच्या आधीच. अंडी वाचली असती, तर मी स्वतःला निसर्गप्रेमी म्हणवत राहिलो असतो, एवढाच फरक.

पुढे कळलं की 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत रानपक्ष्यांच्या घरट्याला किंवा अंड्यांना त्रास देणंही येतं. शिकार! मी तर बंदूक कधी हातात धरलेली नाही.

म्हणजे फोटोच काढू नयेत? तसं नाही. वाघ मोजतात ते कॅमेरा ट्रॅपच्या फोटोंवरून. प्रत्येकाचे पट्टे वेगळे असतात म्हणून. पण नुसतं प्रसिद्ध होणं म्हणजे सुरक्षित होणं नव्हे. जवळच्याच उमरेड-कऱ्हांडल्यातला ‘जय’ हा वाघ किती जणांच्या फोनमध्ये होता. 2016 मध्ये तो दिसेनासा झाला, आणि इतक्या फोटोंना त्याला राखता आलं नाही.

गिरडच्या टेकडीवर गोल गोल दगड सापडतात. भूगर्भशास्त्र सांगतं की लाव्हारसाच्या खडकातल्या पोकळ्यांत तयार झालेली ती झिओलाइट खनिजं आहेत. गावात सांगतात ती गोष्ट वेगळी. दोन व्यापाऱ्यांनी फरीदबाबांची थट्टा केली आणि त्यांच्याकडचा नारळासारखा सगळा माल दगड झाला. त्यांनी माफी मागितली, तेव्हा बाबांनी सुक्या पानांपासून नवा माल करून दिला. मग ते व्यापारी कायमचे बाबांच्या सेवेत राहिले.

लहानपणापासून ऐकलेली ही गोष्ट त्या दिवशी वेगळी ऐकू आली. माझ्याकडेही एक दगड होता, सहा इंची स्क्रीनवर चकाकणारा. त्यातली मादी अजून अंड्यांवर बसलेली आहे. पण मोडलेल्या पानांपासून अंडी करून देणारं कुणी नाही.

फोटो डिलीट करावा असं वाटलं. केला नाही. डिलीट केल्याने पुरावा जातो, चूक जात नाही. पोस्ट मात्र काढली. कौतुक घ्यायचा मला हक्क नव्हता.

आता मी फोन काढण्याआधी स्वतःला विचारतो: इथे मी आलोच नसतो, तर या जिवाचा दिवस जसा गेला असता, तसाच माझ्या येण्यानंतरही जाईल का? नक्की उत्तर नसेल तर फोन खिशात.

वॉलपेपरही बदलला आहे. बोरीच्या गचपणीचा फोटो, लांबून काढलेला. त्यात पक्षी आहे, पण तुम्हाला दिसणार नाही.