परके कोण?

अनुवादाची सेवा करताना मागच्या आठवड्यात ‘होमसिक’ या शब्दापाशी मी अडलो. ‘घरची आठवण’ लिहिले, पण समाधान झाले नाही. त्याच रात्री जर्मनीत शिकणाऱ्या ताईचा फोन आला. “इथे सगळं नीट आहे रे, पण मी कुणाचीच नाही असं वाटतं.” सारे विश्वच आपले घर, हे वाक्य माझ्या ओठांवर आले होते, ते गिळले. आईच्या हातचे जेवून असे सांगणे सोपे असते.

मग आनंदीबाई जोशी आठवल्या. १८८३ मध्ये, अठराव्या वर्षी, पतीशिवाय त्या अमेरिकेला गेल्या. फिलाडेल्फियाच्या थंडीत साडी नेसून शिकल्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. तिथे लोक वळून बघत असतीलच. पण इथे तरी काय वेगळे होते? शाळेत जाताना, पतीबरोबर रस्त्याने चालताना आपल्याच देशात त्यांची टवाळी झाली होती. म्हणजे परकेपणा काही फक्त पासपोर्टावर शिक्का बसल्यावर येत नाही, आपल्या गल्लीतही येतो.

उलट न्यू जर्सीच्या थिओडिशिया कार्पेंटर यांना त्या मावशी म्हणत. १८८७ मध्ये पुण्यात आनंदीबाई गेल्या, तेव्हा त्यांची रक्षा या मावशींकडे पाठवली गेली. कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ती आजही आहे.

ताईला मी एवढेच विचारले, “तिथे तुझं नाव कुणी नीट उच्चारतं का?”

थोडा विचार करून ती म्हणाली, “तळमजल्यावरच्या आजी. रोज चुकतात, पण रोज पुन्हा विचारतात.”