राखणे आणि वाढविणे

जीव कोणाला प्यारा नाही? पाण्यात पडलेली मुंगीसुद्धा काडीला धरते. मग 'जीवनावर प्रेम करा' असे वेगळे सांगण्याचे कारण काय? आमच्यापैकी काहींना तर हे सांगणेच खटकेल. देह नाशवंत, संसार असार, असे जन्मभर ऐकत आलेल्या माणसाने जीवनावर प्रेम करावे, हे जमावयाचे कसे?

एरिक फ्रॉम हे १९०० साली जर्मनीत, ज्यू घराण्यात जन्मलेले मानसशास्त्रज्ञ. हिटलरच्या राजवटीमुळे ते अमेरिकेत जाऊन राहिले. १९६४ साली निघालेल्या 'द हार्ट ऑफ मॅन' या ग्रंथात त्यांनी मनाचे दोन कल सांगितले आहेत. एका मनाला जे जिवंत आहे, वाढते आहे, त्याची ओढ असते. दुसऱ्याला निर्जीव, मोजता येणाऱ्या, मुठीत राहणाऱ्या वस्तूंची. हा दुसरा माणूस कोणाचा प्राण घेतोच असे नाही. त्याला सारे ताब्यात हवे असते, एवढेच. पण जिवंत वस्तू पुरती ताब्यात कधी राहते काय?

आपल्या शेतकऱ्याला हे ग्रंथ न वाचता कळते. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्याच्या उतारावर भिल्ल आणि पावरा बांधव ज्वारी, मका पिकवितात. चांगली कणसे निवडून बियाणे वेगळे राखावे लागते. पण राखलेले बी नुसते राखीतच बसले, तर त्याला कीड लागते. पेरतेवेळी मूठ उघडावीच लागते. पाऊस रुसला तर दाणाही गेला आणि पीकही गेले. तरी शेतकरी मूठ उघडतो. आता सांगा, हा त्याग की जीवनप्रेम? आम्ही म्हणतो, दोन्ही एकच. वैराग्य म्हणजे मूठ उघडणे. शेत पडीक टाकणे नव्हे.

कोणी म्हणेल, उपाशी घराने बियाणे खाल्ले तर? अहो, तो दोष त्या घराचा नाही. ती वेळ त्याच्यावर येऊ देणाऱ्या शेजाऱ्यांचा आहे, आपणा सर्वांचा आहे. अक्कलकुवा, धडगाव या तालुक्यांत बालकांचे कुपोषण अजून सरलेले नाही. भरल्या पोटी जीवनप्रेमाच्या गोष्टी करणाऱ्याने हे आधी ध्यानी घ्यावे.

माणसे कशी वाढतात, हेही याच भूमीत पाहावयास मिळाले. तळोदे तालुक्यात मोरवड येथे गुलाम महाराज होऊन गेले; १९३८ साली ते निवर्तले. दारूपायी नागवल्या जाणाऱ्या आपल्या भिल्ल बांधवांना त्यांनी आरतीसाठी एकत्र केले. दारू सोडा, स्वच्छ राहा, असे सांगितले. आणि एकमेकांना 'आप' म्हणावयास शिकविले. ज्याला जन्मभर अरेतुरेच ऐकावे लागले, त्याला 'आप' म्हणताच त्याची मान वर झाली. दारू सोडण्याचे बळ मानाने येते. दटावण्याने आले असते तर ते केव्हाच आले असते!

आता आपल्या घराकडे पाहू. मुलाला शिस्त लावतो, सुनेला रीत शिकवतो. ते वाढावे म्हणून, की मुठीत राहावे म्हणून? आपल्या धाकाने मूल गप्प बसले, तर ते सुधारले असे आपण समजतो. बरे का, गप्प तर दगडही बसतो. मूल प्रश्न विचारते, चुकते, आपल्या सांगण्याहून निराळे काही करू पाहते. तेव्हा आपल्याला राग येतो की कौतुक वाटते? आपल्या मनाचा कल कोणीकडे आहे, हे तेथे कळते. शेतकरी तण उपटतो, हे खरे. पण रोप भराभर वाढते म्हणून तो त्यावर कधी रागावत नाही. घराघरांत एवढे साधले तरी पुष्कळ झाले.