न दिसलेला स्पर्श

सामना जिंकून देतो तो नेता, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. आम्हीही ती बरीच वर्षे बाळगून होतो. तिला पहिला धक्का बसला तो मोताळ्यात, कबड्डीच्या मैदानावर.

तालुक्यातील शाळांचा अंतिम सामना होता. विजयी संघ जिल्हा स्पर्धेस जाणार होता. गुण समसमान असताना प्रतिपक्षाचा गडी शेवटच्या चढाईत आमच्या कर्णधाराच्या बोटांना ओझरता स्पर्श करून मध्यरेषेपलीकडे परतला. पंचांना तो स्पर्श दिसला नाही. कर्णधाराने मात्र आपण होऊन हात वर केला आणि तो मैदानाबाहेर गेला. एका गुणाने आम्ही हरलो. परतीच्या एस. टी.त त्याच्या शेजारी कोणी बसले नाही. एकाने एवढेच विचारले, "तू खरा राहिला, पण आमच्या घामाचं काय?"

हा प्रश्न उडवून लावण्याजोगा नाही. स्वतःचे देणे याला औदार्य म्हणतात. दुसऱ्याचे देणे याला नव्हे. सात जणांचा विजय एकट्याने देऊन टाकण्याचा अधिकार कर्णधारास कोणी दिला?

१९८० च्या फेब्रुवारीत मुंबईच्या वानखेडे मैदानावर इंग्लंडविरुद्ध सुवर्णमहोत्सवी कसोटी झाली. इंग्लंडचे ५ गडी अवघ्या ५८ धावांत बाद झाले होते. पुढे बॉब टेलरला पंचांनी झेलबाद ठरविले. परंतु चेंडू बॅटीला लागलेला नाही, अशी खात्री असल्याने भारताचा कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ याने त्याला परत बोलाविले. टेलरने ४३ धावा केल्या, बोथमबरोबर १७१ धावांची भागी केली आणि भारत १० गड्यांनी हरला. विश्वनाथने संघाचा विजय दान केला काय?

आम्हांस तसे वाटत नाही. जो गडी बाद झालाच नव्हता, तो भारताने मिळविलेलाही नव्हता. आमच्या कर्णधाराने सोडलेला गुणही तसाच. जे मुळात आपले नव्हते, ते परत करणे हे दान नव्हे. ती परतफेड होय. सहकाऱ्यांचा घाम त्याने वाया घालविला नाही. त्या घामावर खोट्याचा डाग पडू दिला नाही.

तथापि, त्या मुलाच्या प्रश्नातील वेदना खरी होती, आणि तिचा दोष आमच्याकडे येतो. आम्ही मुलांना चढाई शिकविली, पकडी शिकविल्या. पण कोणता विजय आपल्याला नको आहे, हे सामन्यापूर्वी कधी एकत्र बसून ठरविले नाही. जे आधी सर्वांचे व्रत झालेले नसते, ते ऐनवेळी एकाने पाळले की इतरांस विश्वासघातासारखे भासते. नेत्याचे खरे काम म्हणूनच शिट्टी वाजण्याआधी सुरू होते. घरात, संस्थेत, ग्रामपंचायतीतही याहून निराळे नाही.

त्या दिवशी त्या कर्णधाराच्या शेजारची जागा रिकामी राहिली. तेथे आम्ही बसावयास हवे होते.