खडकपूर्णेचा पूल आणि हॅमिल्टन हॉल



नामांतराच्या लढ्याचा विषय निघाला की आपल्यात दोनच सूर लागतात. एक अभिवादनाचा. दुसरा टपरीवरचा : ‘त्या नावातून मिळालं काय?’ हा दुसरा सूर पूर्वी सवर्णांच्या तोंडी होता. आता आपल्याच शिकल्यासवरल्या पोरांच्या तोंडून ऐकू येतो. त्यांना शिव्या देऊन भागायचं नाही, कारण या सवालाच्या पोटात एक खरा सवाल दडलेला आहे. मागणी केली विद्यार्थ्यांनी, आणि घरं जळली शेतमजुरांची. हा हिशेब न्यायाचा कसा?

आधी हिशेब मांडू. १९५० साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं औरंगाबादेत कॉलेज काढलं, तेच पुढं मिलिंद. मराठवाडा विद्यापीठ आलं १९५८ साली, म्हणजे नंतर. आपली पोरं शिकली आणि त्यांनी विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मागितलं. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी ठराव केला. ठराव झाला मुंबईत, वस्त्या पेटल्या मराठवाड्यात. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळेंना ठार केलं. ते काही विद्यापीठाचे विद्यार्थी नव्हते. ज्यांची भांडीकुंडी, ज्वारी, गोधड्या जळाल्या त्यांच्यापैकी किती जणांनी विद्यापीठाची कमान पाहिली असेल?

आणि आपला बुलडाणा जिल्हा तर त्या विद्यापीठाखालीही नव्हता. आपली कॉलेजं तेव्हा नागपूर विद्यापीठाची, १९८३ नंतर अमरावतीची. तरी ११ नोव्हेंबर १९७९ ला प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला, तो वऱ्हाड तुडवत आपल्याच जिल्ह्यातून पुढं गेला. बाया, म्हातारे, पोरंसोरं. थंडीचे दिवस, दिवसाला कोस-कोस चाल. २७ नोव्हेंबरला खडकपूर्णेच्या पुलावर पोलिसांनी लाठी चालवली, रात्रीतून धरपकड केली. नदी ओलांडून थोडं गेलं की मराठवाडा. म्हणजे वेशीवरच झोडपलं. गावाची वेस आणि आपली पाठ यांचं नातं जुनंच आहे म्हणा.

आता जरा लांब जाऊ. ज्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब १९१३ साली शिकायला गेले, तिथली ही गोष्ट आहे. हे विद्यापीठ न्यूयॉर्कमध्ये टेकाडावर, आणि खाली हार्लेम, काळ्यांची वस्ती. मधल्या उतारावर सार्वजनिक बाग. त्या बागेत विद्यापीठानं व्यायामशाळा बांधायला काढली. विद्यापीठाच्या लोकांना वरून दार, हार्लेमच्या लोकांना खालून वेगळं दार, आणि जागाही थोडीच. आपल्याला समजावून सांगायची गरज नाही. हॉटेलातली वेगळी कपबशी ज्यांनी पाहिली त्यांना खालचं दार लगेच कळतं. २३ एप्रिल १९६८ ला विद्यार्थ्यांनी हॅमिल्टन हॉल ताब्यात घेतला. पहिल्याच रात्री काळ्या विद्यार्थ्यांनी गोऱ्या सोबत्यांना सांगितलं, तुम्ही दुसऱ्या इमारती धरा, ही आमची. दारावर माल्कम एक्सचं नाव लावलं. तिथंही नाव आलंच बघा! ३० एप्रिलला पोलीस शिरले. दुसऱ्या इमारतींत गोऱ्या पोरांची डोकी फुटली. हॅमिल्टन हॉलमधली काळी पोरं मात्र शिस्तीत बाहेर आली, अटक झाली, मार बसला नाही. पुढं ती व्यायामशाळा बागेत झालीच नाही.

असं कसं झालं? पोलिसांना काळ्या पोरांचा कळवळा आला नव्हता. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनाला महिनाही झाला नव्हता, शहरं धुमसत होती, आणि हॅमिल्टन हॉलच्या पाठीशी हार्लेम उभं होतं. त्या पोरांवर काठी पडली असती तर हार्लेम पेटलं असतं, ही धास्ती. तिथं वस्तीच्या बळावर विद्यार्थी सुरक्षित राहिले. आपल्याकडे उलटं झालं. विद्यार्थ्यांच्या मागणीचा राग वस्तीवर निघाला. कारण आपल्याला हार्लेम नाही. गावागणिक गावकुसाबाहेर दहा-वीस घरं, चारी बाजूंनी दुसऱ्यांची शेतं, पाणी दुसऱ्यांच्या विहिरीचं, मजुरी त्यांच्याच बांधावर. बाबासाहेबांना हे ठाऊक होतं. १९४२ च्या नागपूर परिषदेत स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली ती उगाच नव्हे. ती मागणी आपण ठराव-पुस्तकात ठेवून दिली.

मग दोष कुणाचा? पहिला दोष आग लावणाऱ्याचा, त्यात वाटणी नाही. दुसरा सरकारचा. ठराव करायचा आणि वस्तीला राखण द्यायची नाही, हे राज्य करणं नव्हे. पण आपल्या चळवळीनंही या विखुरलेल्या दहा-वीस घरांचा आधी विचार करायला हवा होता, असं माझं मत आहे. हे बोललं की काही जण अंगावर येतात. येऊ देत.

मात्र ‘विद्यार्थ्यांनी गरिबांना आगीत लोटलं’ हेही मला मान्य नाही. त्यात गरिबाला स्वतःची अक्कल नसते असं गृहीत धरलंय. येसकरकी सोडणारा, मेलेलं ढोर ओढायला नकार देणारा, जोहारऐवजी जयभीम म्हणणारा माणूस कुणाच्या सांगण्यावरून तसा झाला नव्हता. गावाचा राग त्याच्यावर कधीचा साठलेला होता. नाव हे निमित्त. आणि नावाचा अर्थ खेड्यातल्या माणसाला शहरातल्या पंडितापेक्षा चांगला कळला होता. पाटलाच्या पोराच्या सर्टिफिकेटवर आपल्या बापाचं नाव! नाव फुकाचं असतं तर त्यासाठी गावं कशाला पेटली असती? आता औरंगाबाद शहराचंही नाव बदललं, २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झालं. नावात काय आहे म्हणणारे तेव्हा कुठं होते?

म्हणजे त्यांनी किंमत मोजली ती जाणूनबुजून. पण इथंच आपण एक सोयीची उडी मारतो. त्यांनी राजीखुशीनं दिलं, म्हणजे आपल्यावर काही नाही, असं मनात धरून चालतो. एखाद्यानं आपणहून उसने दिले म्हणून ते फेडायचे नसतात का? हिसकावून घेतलेलं असतं तर ती चोरी. हातानं दिलंय, म्हणून ते कर्ज. आणि कर्जदार कोण? सवर्ण नव्हेत. त्यांच्याकडून भरपाई मागायची, ते वेगळं खातं. हे कर्ज आपलं, स्कॉलरशिप घेतलेल्यांचं, नोकरीला लागलेल्यांचं, १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर फोटो काढणाऱ्यांचं.

त्या तारखेचंही बघा. २५ नोव्हेंबर १९९३ ला नांदेडात गौतम वाघमारेंनी स्वतःला जाळून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला नाव मिळालं, तेही ‘मराठवाडा’ मागं ठेवून. नामांतर मागितलं, नामविस्तार दिला. आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावानं वेगळं विद्यापीठ झालं. नांदेड, परभणी, लातूर तिकडं गेले. लांबचं अंतर, विद्यार्थ्यांची सोय, ही कारणं खोटी नाहीत. पण टेंभुर्णीच्या पोराच्या पदवीवर आज बाबासाहेबांचं नाव येत नाही. ज्या मातीनं जास्त मोजलं तिच्याच वाट्याला ते आलं नाही. अभिवादनाच्या भाषणांत हे फारसं ऐकायला मिळत नाही.

आपल्या खडकपूर्णेवरच, वरच्या अंगाला देऊळगाव महीजवळ धरण झालं. त्या जलाशयाला नाव दिलं संत चोखासागर. चोखोबांचं मेहुणा राजा तिथून जवळच. या नावानं गावं पेटली नाहीत. चोखोबांबद्दल मला आदर आहे. पण पायरीशी उभ्या राहिलेल्याचं नाव गावाला चालतं आणि पायरीच नाकारणाऱ्याचं सोळा वर्षं चालत नाही, हा फरक एकाच नदीच्या पाण्यात दिसतो.

कर्जाची फेड कशी, यावर लंबेचौडे ठराव नकोत. लाँग मार्चमधली तेव्हाची विशी-पंचविशीतली माणसं आज सत्तरीच्या घरात आहेत. मेहकर, सिंदखेडराजा, देऊळगावराजा, लोणार तालुक्यांत आपले कार्यकर्ते आहेत. एक वही घ्या आणि वस्तीत जा. त्या रात्री पुलावर कोण होतं, कुणाला मार बसला, मार्चवाल्यांना भाकरी कुणी दिली, कुणी दार लावून घेतलं, कोणत्या जेलात किती दिवस काढले, हे त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. भाषा सुधारू नका. बायांना आधी विचारा, त्यांचं सांगणं आजवर कुणी फारसं लिहून घेतलेलं नाही. कागद आमच्याकडे पाठवा. येतील तसे छापू, स्टेन्सिल कमी पडल्या तर दोन अंकांत छापू.