खुराड्यापाशी विचारलेला प्रश्न

मुलांचे प्रश्न साधे असतात. त्यांची उत्तरे तशी असतीलच असे नाही. शब्बाथ शाळेत शिकविणाऱ्या कोणालाही हा अनुभव नवा नाही. मीही पुष्कळ वर्षे शिकविले. परंतु जो प्रश्न वर्गात मला कधी कोणी विचारला नाही, तो गेल्या नोव्हेंबरात आमच्या नऊ वर्षांच्या नातीने परसातल्या खुराड्यापाशी उभे राहून विचारला आणि मास्तर निरुत्तर झाले.

आम्ही बेळगावचे. त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी आम्ही बाजारातून बदकाची दोन पिल्ले आणली. मोठी झाल्यावर एक मादी निघाली, एक नर. मादी मोठ्याने ओरडते, नराचा आवाज घोगरा असतो आणि त्याच्या शेपटीवरची एकदोन पिसे वर वळलेली असतात, हे नातीनेच आम्हांला दाखविले. मादी अंड्यांसाठी ठेवावयाची आणि नर नाताळच्या जेवणासाठी, हे घरात सर्वांना ठाऊक होते, नातीलाही. तरी ती त्याला रोज हाताने वाटाणे चारीत असे.

एका रात्री खुराड्याची कडी लावावयाची माझ्याकडून राहून गेली. पहाटे गलका ऐकून बाहेर आलो, तो एक भटके कुत्रे पळत होते आणि नर बदक भिंतीच्या कडेला पडले होते. पंखाच्या मुळाशी दातांच्या खुणा होत्या. डावा पाय ते टेकीत नव्हते. शेजारचे गृहस्थ आले. ते निर्दय नव्हेत, व्यवहारी आहेत. म्हणाले, "मास्तर, आत्ताच सुरी फिरवा. त्याचेही हाल संपतील आणि मांसही वाया जाणार नाही." आमच्या सौ.नी पाणी तापत ठेवले होते. ते जखम धुण्यासाठी की पिसे काढण्यासाठी, हे त्यांचेही ठरले नसावे. तेवढ्यात नात म्हणाली, "आजोबा, आपण त्याला नाताळात कापणारच होतो ना? मग आता बरं कशाला करायचं? आणि बरं करायचं असेल, तर मग कापायचं कशाला?"

मला उत्तर सुचले नाही. "आधी टोपली आण," एवढेच मी म्हणालो.

त्या सकाळी आम्ही तिघांनी त्या बदकावर दया केली आणि तिघांचेही चुकले. मी त्याला घट्ट छातीशी धरले. ते चोच उघडून धापा टाकू लागले. सौ.नी तेलात कालवलेली हळद आणली. नातीने दुधात भिजविलेला पाव पुढे केला. पुढे सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांनी एकेक गोष्ट समजावून दिली. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छातीचे हाड पुढेमागे हलले तरच त्याला श्वास घेता येतो. म्हणून त्याला आवळू नये, पायांनी वा पंखांनी उचलू नये. पंख अंगाशी मिटवून खालून दुसऱ्या हाताचा आधार द्यावा. तेलाने पिसे चिकटतात आणि त्यांचा पाण्यापासून बचाव करण्याचा गुण जातो. एक लिटर पाणी उकळून, निववून, त्यात ९ ग्रॅम मीठ घालून त्याने जखम धुवावी. कुत्र्याच्या दाताची जखम वरून लहान आणि आत खोल असते, म्हणून नुसत्या धुण्यावर विसंबू नये. तिला प्रतिजैविक औषध लागते. पावाने बदकाचे पोट भरते, पोषण होत नाही. त्याला योग्य खाद्य द्यावे आणि चोचीबरोबर नाकपुड्याही बुडतील एवढे खोल पाण्याचे भांडे जवळ ठेवावे, कारण घासाबरोबर पाणी नसेल तर त्याच्या घशात अन्न अडकते.

माझ्या गुडघ्यांसाठी असलेल्या गोळीतली अर्धी त्याला द्यावी, असेही माझ्या मनात आले होते. डॉक्टरांनी कठोर शब्दांत मना केले आणि गिधाडांची गोष्ट सांगितली. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध आपल्या देशात गुरांना दिले जाई. ज्यांनी दिले त्यांनी गुरांचे दुःख कमी व्हावे म्हणूनच दिले. पण अशी मेलेली गुरे खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली. कारण २००४ साली उघड झाले, २००६ मध्ये गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली. तोवर गिधाडांच्या तीन जातींची संख्या ९५ टक्क्यांहून अधिक घटली होती. दयेने दिलेले औषधसुद्धा अजाणतेपणी असे घातक ठरू शकते.

घरी येताना मला दाखल्यातील तो शोमरोनी आठवला. त्याने जखमेवर तेल व द्राक्षारस ओतला, कारण त्याच्या काळी तेच जाणते औषध होते. आज आपण त्याचे अनुकरण करावयाचे ते तेलाचे नव्हे. तो थांबला, त्याला जे ठाऊक होते ते त्याने नीट केले आणि पुढच्या खर्चाचीही हमी घेतली. कळवळा येणे सोपे आहे. कळवळ्याने शिकावयास बसणे अवघड.

डॉक्टरांनी शेवटी एक अटही सांगितली. हे औषध टोचल्यावर ठराविक दिवस उलटेपर्यंत या पक्ष्याचे मांस खाता येणार नाही. उपचार लांबला, तर नाताळ त्यातच जाईल. "टोचू ना?" त्यांनी विचारले. नात माझ्याकडे पाहत होती. नाताळचे बदक आणि बरे होणारे बदक, यांतले एकच मला घरी नेता येणार होते. मी म्हणालो, "टोचा."

त्यानंतर कित्येक आठवडे ते बदक आमच्या मागच्या पडवीत राहिले. एका मोठ्या खोक्यात वाळके गवत, त्यावर जुने मऊ फडके. कोरडी, काळोखी, शांत जागा. घाबरलेल्या पक्ष्याला औषधाइतकीच शांतता लागते. माश्यांनी जखमेत अंडी घालू नयेत म्हणून फडके रोज बदलावयाचे. जखम भरेपर्यंत पोहणे बंद. बदक हा कळपाचा प्राणी, एकटे पडले की खंगते. म्हणून मादीला जाळीपलीकडे, दिसेल अशी ठेवली. या सर्वांत आभाराची अपेक्षा नव्हती. पहिले आठ दिवस तर मला पाहताच ते कोपऱ्यात अंग चोरी. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, की हा हात कुत्र्यासारखा नाही!

रोज सकाळी फडके बदलताना मी नातीच्या प्रश्नाचा विचार करी. हळूहळू मला असे दिसले की त्या एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत. प्राणी खावा की न खावा, हा एक. आपल्या ताब्यातला प्राणी जिवंत असताना त्याला वेदनेत टाकून द्यावे काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर सापडेपर्यंत दुसरा थांबून राहत नाही. त्या पहाटे ते भिंतीशी पडले होते तेव्हा त्याला होणारी वेदना नाताळच्या बेताने कमी झाली नव्हती. ते कशासाठी पाळले, हे माझ्या वहीत लिहिलेले. त्याच्या अंगावर नव्हे. आणि कडी उघडी राहिली होती ती माझ्या हातून. आपल्या देशाचा १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदाही हेच म्हणतो, की ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याने त्याचे हित पाहावे आणि त्याला विनाकारण यातना होऊ देऊ नयेत. खाण्यासाठी पाळलेले प्राणी त्याने या कर्तव्यातून वगळलेले नाहीत.

मग शेजारी चुकले काय? निम्मे नाही. बदक बरे होणारच नाही असे डॉक्टर म्हणाले असते, तर त्याला वेदनारहित मरण देणे हीच दया झाली असती. परंतु हाल आणि मांस यांचा हिशेब त्यांनी एकाच वाक्यात केला. आपण सारेच असे करतो. म्हणून दयेचे कारण पुढे करताना तिच्या मागे आपला फायदा उभा नाही ना, हे एकदा वळून पाहावे.

आणखी एक आक्षेप मला मंडळीतल्याच एकाने घेतला : माणसे उपाशी असताना बदकासाठी रिक्षाचे भाडे? आक्षेप हलका नाही. घरात मूल आजारी असते तर मी आधी त्यालाच नेले असते. पण इतिहास काही वेगळेही सांगतो. १८२४ च्या जून महिन्यात लंडनमध्ये प्राण्यांवरील क्रूरता रोखण्यासाठी संस्था स्थापन झाली, तेव्हा गुलामांच्या व्यापाराविरुद्ध आयुष्य वेचणारे विल्यम विल्बरफोर्स तिच्या संस्थापकांत होते. तिचे पहिले चिटणीस आर्थर ब्रूम हे पाळक. संस्थेच्या कर्जापायी ते तुरुंगात गेले. गुलामांसाठी झटणाऱ्यांना घोडे-बैल दिसेनासे झाले नाहीत. दया ही कणगीतले धान्य नव्हे, की एकाला दिली म्हणजे दुसऱ्याला कमी पडावी. ती हाताला लागलेली सवय आहे.

नाताळ आला. बदक लंगडत अंगणात फिरू लागले होते. आम्ही बाजारातून कोंबडी आणली. जेवताना नातीने विचारले, "आजोबा, ही कोंबडी बाजारात कशी आणली असेल?" कशी, ते तिने पाहिलेच होते : पाय बांधून, डोके खाली, सायकलच्या दांड्याला लोंबत. माझा घास हातातच राहिला. त्या पहिल्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर माझ्यापाशी आजही नाही आणि आहे असा आव मी आणणार नाही. एवढे मात्र झाले, की तेव्हापासून आमच्या घरात उलट्या लोंबवून आणलेल्या पक्ष्याची खरेदी होत नाही. जिथे विचारावयाचे तिथे आम्ही विचारतो. विक्रेते हसतात, हसू द्यावे.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. असा प्रश्न तुमच्या वर्गात आला, तर उत्तर देण्याची घाई करू नका. जखमी मांजर, पंख मोडलेला कावळा, काहीतरी मुलांच्या वाटेत येतेच. जाणत्याला विचारून, मोठ्यांच्या देखरेखीखाली, त्यांच्या हाती काम द्या. फडके बदलता बदलता ती स्वतःच पुढचा प्रश्न विचारतील, आणि तो आपल्याला झोंबला तरी ऐकून घ्या.

आमचे बदक अजून थोडे लंगडते. रात्री खुराड्याची कडी मीच लावतो आणि ती लागली की नाही, हे पाहावयास नात येते.