दुसरा बार

रात्री साडेअकराला फोन वाजला आणि पलीकडून पुतण्यानं विचारलं, "काका, दारू कोणती घेऊ?"

आमचा फोन घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं बोलतो. ही अंथरुणात उठून बसली. ज्या माणसानं सरकारी कोषागारात पस्तीस वर्षं कारकुनी केली आणि पन्नाशीत सुपारीसुद्धा सोडली, त्याला टेक्सासहून दारूबद्दल सल्ला विचारला जातो, म्हणजे इतकी वर्षं आपल्याला काहीतरी कळलेलं नाही, असा तिच्या चेहऱ्यावर भाव होता.

"अगं, बंदुकीची," मी म्हणालो. त्यानं ती जास्तच घाबरली.

यात दोष मराठीचा आहे. पिण्याची ती दारू आणि उडवायची तीही दारू. बाराचं तर विचारूच नका. बंदुकीत भरतात तो बार, तोंडात तंबाखू भरतात तो बार, आणि पोरीचं लग्न उरकलं की बापानं उडवला तोही बारच. आमच्या कंधारकडे निजामाच्या राज्यातून 'बारूद' हा आणखी एक शब्द आला होता. आमच्याच तालुक्यात मन्याडच्या काठी बारूळ नावाचं गाव आहे. देशभरची बारूद त्या बारूळलाच तयार होते, अशी माझी लहानपणी पक्की समजूत होती. पुढे तिथं धरण झालं आणि पाणी आलं, तेव्हा आता सगळी दारू भिजणार म्हणून मला काळजी वाटली होती.

हा पुतण्या म्हणजे माझ्या चुलतभावाचा मुलगा. तिकडचा नागरिक आहे आणि रविवारी पिस्तुलानं नेम मारायला जातो. आपण रविवारी मटण आणायला जातो तसं. तयार काडतुसं महाग पडतात म्हणून तिकडची पुष्कळ माणसं ती घरीच भरतात. उडवलेल्या काडतुसाची पितळी नळी जपून ठेवायची, तिच्या बुडाला नवी टोपी बसवायची, मापानं दारू घालायची आणि वरून शिशाची गोळी दाबून बसवायची. आपल्या बायका पापडाचं पीठ भिजवतात तशी त्याची गॅरेजमध्ये तयारी चालते. आपल्याकडे हा उद्योग परवान्याशिवाय केला तर काडतूस भरण्याआधी तुरुंग भरेल.

आता दारू कोणती, हा प्रश्न काही वेडगळ नव्हता. ठासणीच्या बंदुकीची काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. ती भसाभस धूर करते. १८८४ साली पॉल व्हिएल नावाच्या फ्रेंच रसायनतज्ज्ञानं बिनधुराची दारू काढली. ही नवी दारू थोडीशीच पुरते. घोटाळा झाला तो इथंच. पुतण्या भरतो ते काडतूस '३८ स्पेशल'. ते १८९८च्या सुमारास निघालं तेव्हा काळ्या दारूच्या हिशेबानं चांगलं ऐसपैस होतं. दारू बदलली, नळी तेवढीच राहिली. वाडा एकत्र कुटुंबाचा आणि राहायला म्हातारा-म्हातारी, तशी आत चिमूटभर दारू पडून असते.

त्याच्यासमोर दोन डबे होते. एक 'बुल्सआय', १८९८ सालची जुनी प्रसिद्ध दारू. ती फार जलद जळते आणि चिमटीभर पुरते. वजन ग्रेनमध्ये करतात. ग्रेन म्हणजे आपल्या सोनाराच्या अर्ध्या गुंजेहून किंचित जास्त, आणि पौंडाच्या डब्यात असे ७००० ग्रेन. तेव्हा एक डबा कितीतरी दिवस पुरायचा. दुसरी 'युनिक', १९०० सालची. तिच्या चपट्या पाकळ्या असतात, जरा फुगीर. ती थोडी जास्त लागते, मापातून कधीकधी अडखळत पडते, आणि बुल्सआयच्या मानानं हिशेबाला खर्चिक.

"मग स्वस्त ती घे," मी म्हणालो. माझ्यातला कारकून अजून जिवंत आहे.

"तेच घेतोय. पण इथले म्हातारे लोक म्हणतात, नवशिक्यानं फुगीर घ्यावी. चुकून एका नळीत दोनदा माप पडलं तर फुगीर दारू बरीच वर येते, लगेच दिसतं. चिमटीभरवाली दोनदा पडली तरी नळी अर्धीमुर्धीच दिसते. वरून गोळी बसली की संपलं. उडवल्यावरच कळतं." आणि तो हसून म्हणाला, "पण काका, मी काय दोनदा भरणार? मी काही आजोबांसारखा विसरभोळा नाही."

त्याचे आजोबा म्हणजे माझे काका. फोन हातात तसाच राहिला.

आमच्या वाड्यात पीकरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. टाळकी हुरड्यात आली की रानडुकरं आणि रोही शेतात उतरायचे, आणि काका माळ्यावर जागलीला जायचे. १९६१ साली मी अकरा वर्षांचा होतो, हट्ट करून त्यांच्याबरोबर गेलो होतो. काका फार काळजीचा माणूस. बंदुकीच्या गजाला त्यांनी एक खाच पाडून ठेवली होती. नळी रिकामी असली की गज खाचेपर्यंत आत जायचा, भरलेली असली की खाच वर राहायची. नळीत वाकून बघायचं नसतं, म्हणून ही खाच. अमेरिकेतल्या म्हाताऱ्यांची फुगीर दारू आणि आमच्या काकांची खाच, दोन्हींचं काम एकच. तुमची चूक तुमच्या डोळ्यांपुढं आणणं.

(ही चूक अडाण्यांचीच असते असं समजू नका. १८६३ साली अमेरिकेतल्या गेटिसबर्गच्या लढाईनंतर मैदानावरून हजारो बंदुका गोळा केल्या. त्यांतल्या कितीतरी बंदुकांत एकावर एक दोन-दोन बार होते आणि एकीत म्हणे तेवीस. कवायत शिकलेले शिपाई होते ते.)

त्या रात्री काका भाकरी खायला खाली उतरले. मी एकटा वर. मी बार भरला. दारू ओतली, चिंधी ठासली, छर्रे टाकले, परत चिंधी. सगळं काकांनी करावं तसं. मग टोपी बसवायची वेळ आली तशी मला भीती वाटली. मी बंदूक होती तिथं ठेवली आणि घोंगडी पांघरून पडलो. खालून काकांनी विचारलंसुद्धा, "काय कराय लालास रे वर?" मी म्हणालो, "काई नाई."

काका वर आले ते गालात तंबाखूचा बार भरून. टाळकीत खसफस झाली. त्यांनी घाईनं बंदूक भरली. अंधार होता, खाच बघितली नाही. तंबाखू नसती तर बघितली असती का, हे मला सांगता येणार नाही. आवाज फार मोठा झाला. डाव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट गेलं. बैलगाडीतून कंधारला आणि तिथून नांदेडला नेलं, तेव्हा माझ्या मांडीवर त्यांचं डोकं होतं. डुकराला काही झालं नाही.

शुद्धीवर आल्यावर काका म्हणाले, "तंबाखूच्या नादात मीच दोनदा भरलो असंन." कुणी मला विचारलंच नाही. अकरा वर्षांच्या पोराला कोण विचारतो? काकांनी त्या दिवसापासून तंबाखू सोडली. काकू पंचवीस वर्षं त्या तंबाखूशी भांडत होती. तिनं देवाला नारळ फोडला आणि म्हणाली, दोन बोटांत सुटली, स्वस्तात पडलं. आमच्या घराण्यात काका 'विसरभोळे' ठरले ते कायमचे. कुठं किल्ली हरवली की सगळे त्यांच्याकडे बघून हसायचे, आणि तेही हसायचे.

मी सांगायचं ठरवलं नव्हतं असं नाही. विसाव्या वर्षी वाटलं, नोकरी लागली की सांगू. पस्तिशीत वाटलं, आता त्यांना ते पचलंय, कशाला उकरायचं. पुढे तर मी स्वतःशी तत्त्वज्ञानच मांडलं. खरं सांगितलं तर ते पुन्हा तंबाखू धरतील, म्हणजे माझं गप्प राहणं त्यांच्या प्रकृतीला हितकारक आहे. कारकुनाला हिशेब जुळवता येतो. कोषागारात आम्ही प्रत्येक रक्कम दोन वह्यांत लिहायचो आणि तिसरा माणूस ताडून बघायचा. कारण साहेबाचा आमच्यावर विश्वास नव्हता, आणि तो नव्हता हे फार चांगलं होतं. या एका रकमेची मात्र वही एकच होती आणि ती माझ्याकडे होती. काका १९९८ साली गेले.

तसं पाहिलं तर फुगीर दारूही सगळं दाखवते असं नाही. माप कमी पडलं तर गोळी नळीतच अडकते, आणि वरून दुसरी झाडली की नळी फुटते. तिथं तुमचे डोळेच लागतात. आणि काळजीवाल्या माणसाला फुगीर दारूचा थोडा अपमानही वाटतो. माझ्यावर विश्वास नाही का, असं पुतण्याच्या आवाजात होतं. तोच आवाज काकांचा असता तर त्यांनी खाच पाडलीच नसती. पण त्यांनी ती पाडली होती, स्वतःवर विश्वास न ठेवता, आणि तेवढ्या एका रात्री बघितली नाही.

"काका? लाइन गेली का?"

"नाही," मी म्हणालो. "ऐक. तुझे आजोबा विसरभोळे नव्हते. पहिला बार मी भरला होता."

टेक्सासमध्ये दुपार असणार. मागे कुणाचं तरी कुत्रं भुंकत होतं. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "बाबांना माहितेय?"

"नाही."

"सांगणार?"

"उद्या सकाळी फोन करतो. आता झोपला असेल तो."

"बरं," तो म्हणाला, आणि काय बोलावं हे न कळून, "मग मी फुगीर घेतो," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

आठ दिवसांनी त्यानं फोटो पाठवला. लाकडी फळीवर पन्नास नळ्या ओळीनं उभ्या, वर दिवा, आणि प्रत्येकीत दारू सारख्या उंचीवर दिसणारी. फळी धरलेल्या हाताचा अंगठा कोपऱ्यात आला होता. हिनं चष्मा लावून फोटो दोनदा पाहिला आणि म्हणाली, "यात बाटली कुठंय?"