पिकला केस आणि लादलेला शेवट

बौद्ध विचारातील ‘अनिच्च’ म्हणजे जे उत्पन्न झाले ते टिकत नाही हा सिद्धान्त, आणि न्हाव्याने दाखवलेला पहिला पांढरा केस पाहून राज्यत्याग करणारा मखादेव जातकातील राजा हा त्याचा सर्वांत सुंदर दाखला होय. घरी वाटीत रंग कालवून ब्रशने कानशिलावर लावणारी व्यक्ती तोच केस झाकते. परंतु रंग त्वचेबाहेरच्या निर्जीव केसालाच चढत असल्याने आणि केस महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर वाढत असल्याने भांगात पांढरी रेघ पुन्हा उमटतेच. ‘सैराट’ (२०१६) हा चित्रपट पाहून शेवट वेगळा हवा होता असे म्हणणाऱ्या प्रेक्षकाची तगमगही असाच काळाला दिलेला नकार मानावी काय? तसे मानणे अन्यायाचे आहे, कारण त्या शेवटातला प्रतिष्ठेपायी केलेला खून हा निसर्गक्रम नव्हे. असाच लादलेला शेवट रत्नागिरीतही दिसतो: तिथे १९१६ साली निधन पावलेल्या ब्रह्मदेशाच्या थिबा राजाच्या थोरल्या कन्येने राजवाड्याचे विवाहित द्वारपाल गोपाळ सावंत यांच्यावर प्रेम केले आणि पुढे याच गावात ती दारिद्र्यात जगली. राजा बौद्ध होता, तरी त्या कन्येच्या वाट्याला आलेल्या दैन्याला अनित्यतेचे नाव देता येत नाही, कारण त्याचे मूळ १८८५ साली ब्रिटिशांनी लादलेल्या हद्दपारीत होते.